डेल्बर्टकाकांचे पाच तारे

ओमाहा, ४ ऑक्टोबर

ती. व्हर्ना आत्यास,
केंड्राचा शि. सा. न. वि. वि.

नव्या नोकरीत रुळले. वर पांढरा कोट, खाली पायजमा, आणि स्वयंपाकघरात बसून रोगी तपासायचे! सीडर फ्लॅटच्या दवाखान्यात फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरच्या जागी रोगी तपासणारी, होते तेव्हा बर्फात गाडी ढकलत यायचे. आता सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावर. साहेब म्हणतात, आमच्या धंद्याचं भविष्य हेच. आपल्या गावकऱ्यांनी तर कमाल केली, प्रत्येक भेटीनंतर पसंतीचे पाचपैकी पाच तारे! एवढं समाधान असताना दवाखाना हवा कशाला, असा ठराव महिनाअखेर कौंटीच्या सभेत येतोय. माझी बढतीही त्यावरच आहे.

परवा डेल्बर्टकाका पडद्यावर आले होते, टाय लावून, अगदी ताठ. पाय जरा खरचटलाय, बाकी मजेत, औषध कसलंच घेत नाही, म्हणाले. साखर आहे, जपा, असं मी बजावलं.

आठवण ठेव.
तुझी केंड्रा

सीडर फ्लॅट, ११ ऑक्टोबर

चि. केंड्रास,
अ. उ. आशीर्वाद.

भविष्यवाल्या बाई, तुझा जन्म या गावातला की चंद्रावरचा? डेल्बर्टने याआधी टाय लावला तो बायकोला पुरताना. इथला माणूस मजेत आहे म्हणाला की समजावं, हाड बाहेर आलंय. आणि ताऱ्यांचं काय घेऊन बसलीस? जेवून उठताना यजमानणीला रस्सा खारट झाला म्हणणारा या गावात कधी पाहिलास?

तो खरचटलेला पाय टेबलाखाली बुटात होता. त्याला हा बाबा गाईच्या सडांचं मलम चोपडत होता. तू औषधाचं विचारलंस, तर नाही म्हणाला. मलम गाईचं, त्याचं थोडंच! दवाखान्यात रोग्यांची नावं लिहून घ्यायला बसायचे तेव्हा मी खिडकीतून बघायचे, ट्रकमधून उतरून दारापर्यंत कोण कसा चालतो, आणि तुला आधीच सांगायचे. डेल्बर्टला तू नुसतं उभं राहा म्हणायचं होतंस. शेवटी मीच त्याला गाडीत कोंबून इस्पितळात नेलं. बोटं जातील म्हणतात. मला तुझा फार राग आलाय.

जेवणखाण सांभाळ.
रागावलेली, पण तुझीच, आत्या

ओमाहा, १५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न.

पत्र वाचून लगेच साहेबांना फोन लावला. ते तारे म्हणजे आमच्या गावची रीतभात, असं सांगितलं. ते हसले. तक्रार एकही नाही, म्हणाले. बढती गेली चुलीत. सभेत एकाने जरी उठून तक्रार केली तरी ठराव अडेल. लोकांना बोलतं कर. तुझ्यापुढे कुणाची टाप आहे?

माया कमी करू नकोस.
केंड्रा

सीडर फ्लॅट, १ नोव्हेंबर

चि. केंड्रास,
आशीर्वाद.

काल सभा झाली. घरोघर फिरून मी सगळ्यांना पढवलं होतं. डेल्बर्ट कुबड्या घेऊन आला. त्याची दोन बोटं गेली. अध्यक्षांनी विचारलं, पडद्याबद्दल कुणाची तक्रार? सगळे मांडीवरच्या हॅटकडे बघत बसले. डेल्बर्ट तेवढा उठला आणि म्हणाला, पोरगी आपल्या गावची, किती आपुलकीने विचारते! वर टाळ्या.

मग अध्यक्ष माझ्याकडे वळले, कारण गावात तक्रारीचा मक्ता माझा. मी उभी राहिले. समोर तुझी आई रुमाल पिळत बसलेली. डेल्बर्टच्या पायाचं सांगायचं म्हणजे चारचौघांत तुझं नाव घ्यायचं. मी म्हणाले, कॉफी छान झालीय, आणि खाली बसले.

दवाखाना एकमताने बंद झाला. वर झालेल्या हातांत एक माझाही होता.

राग आला तर चार शब्द सुनाव, पण पत्र धाड.
तुझी आत्या, व्हर्ना