धोंडिरामभावोजींचा दाखला

१२ जानेवारी
गार्गी नॉर्वेला जायचं म्हणते. कायमच्या नोकरीला नव्हे — हंगामाला! जून ते ऑक्टोबर. शेतावरच पर्यटकांसाठी खोल्या आहेत. आधी त्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, मग सफरचंदं तोडायची. पर्यटनाची पदवी घेतली ती यासाठी! माझी आई गिरणीत पाय दुखेस्तोवर उभी राहिली म्हणून मी बी.ए. झाले. आता तिच्या नातीने परक्याच्या शेतात वाकायचं.

समोरची पद्मजा म्हणाली, "घरात स्वतःचं ताट उचलत नाही ना गं ती?" मी दार लावून घेतलं.

१९ जानेवारी
शेतकामाच्या अनुभवाचा दाखला लागतो. गावची आमची काजूची बाग धोंडिरामभावोजी बघतात, यांचे चुलतभाऊ. त्यांनी मराठीत लिहून पाठवलं — 'कुमारी गार्गी गेली सहा वर्षे दर हंगामात गड्यांबरोबर मजुरी करते. बोंडे वेचते, बी सुटी करते.'

मजुरी! लगेच फोन लावला. म्हणे, "वयनी, खोटा कित्याक लिवू? चेडू कामाक वाघीण आसा."

इंग्रजी करायला गार्गीने माझ्याकडेच दिलं. माझं इंग्रजी तिच्यापेक्षा बरं, म्हणाली. खाली भाषांतर करणारी म्हणून सहीही माझीच.

२० जानेवारी
'मजुरांवर देखरेख करते' असं केलं. मालकाची मुलगी मजूर कशी? गार्गीने न वाचताच जोडलं. अर्ज गेला.

११ फेब्रुवारी
व्हिडिओवर मुलाखत झाली. तिथल्या मालकीणबाईंनी विचारलं, तुझ्या हाताखाली किती माणसं होती? ही म्हणाली, कुणी नाही, मीच वेचते. मग दाखल्यात वेगळं का?

"त्यांना वाटलं मी थापा मारतेय, आई."

मी पोळ्या लाटत होते. लाटतच राहिले.

१६ फेब्रुवारी
नकार आला.

२ मार्च
गार्गी नीट बोलते. सकाळी उठून माझा चहा करते. म्हणजे तिला कळलेलं नाही. सांगावं? काय सांगू — तुझी सहा वर्षांची मेहनत मला लाजिरवाणी वाटली? एका शब्दाचं इंग्रजी चुकलं म्हणावं, तर तेही खोटं. शब्द मला चांगला येत होता.

पद्मजा जिन्यात भेटली. नकाराचं विचारत होती. बरंच झालं, म्हटलं मी. जीभ झडली नाही.

९ एप्रिल
दुसऱ्या शेतावर काम मिळालं तिला. मला आज सांगितलं, व्हिसाचे कागद गेल्यावर! दाखला तोच, धोंडिरामभावोजींचा. भाषांतर कोणी केलं, विचारलं. बाहेरून करून घेतलं, म्हणाली.

"कधी?"

"सतरा फेब्रुवारीला," म्हणाली, आणि माझ्यापुढे चहा ठेवला.