सिझांवांच्या नकाशातलं आपलं शेत

ती. फेलिस्मिनाताईस,

अकरा वर्षांनी धाकट्या भावाने थोरल्या बहिणीला नमस्कार लिहायचा, तर तो किती वाकून लिहावा याचा मी सकाळपासून विचार करतोय. शेवटी तुझी भावजय लुसिंदा म्हणाली, "आधी लिहा, मग वाका." तेव्हा हा उभ्याउभ्याच स्वीकार. तुझे गुडघे कसे आहेत? दाजींनी सिगारेट सोडली, की लक्झेंबर्गच्या थंडीचं निमित्त अजून चालू आहे? आम्ही ठीक. पाऊस यंदा दोनदाच शिंतडून गेला, पण परसातली कोथिंबीर काय माजली आहे! रोज शिळ्या पावाचा लसूण-कोथिंबीर घातलेला आसोर्दा खाऊन माझ्या घामालाही लसणीचा वास यायला लागलाय.

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. (तीस वर्षं पोस्टमनकी केली, पोच दिल्याशिवाय राहवत नाही.) 'आता पुरे झालं, इदालिनो. कोर्टातला दावा मागे घेऊ, आईचं शेत विकून टाकू आणि पुन्हा भावंडं होऊ,' असं तू लिहिलंस. ते वाचून लुसिंदा रडली. मी नाही रडलो, पण चष्मा तीनदा पुसला. त्या विषयाकडे मी येतोच. त्याआधी गेल्या आठवड्यात मला जो धक्का बसला तो सांगू दे.

तर मार्चमध्ये आमच्या दारात नोएमिया नावाची एक मुलगी आली. मुलगी म्हणायचं, पण पक्ष्यांची डॉक्टर आहे. सिझांव पक्षी आपल्या भागात कुठे कुठे उरलाय आणि त्याला राहण्याजोगी जमीन किती शिल्लक आहे, याचा नकाशा तिला करायचा होता. प्रत्येक वाट, प्रत्येक फाटक आणि प्रत्येक कुत्रा ओळखणारा माणूस हवा, म्हणून कॅफेवाल्याने तिला माझ्याकडे पाठवलं. मी हसलोच. म्हटलं, सिझांव मोजायला डॉक्टर कशाला? टपाल वाटताना पायात यायचे! कोंबडीएवढा पक्षी, गळ्यात काळापांढरा पट्टा घालून नवरदेवासारखा माळावर उभा राहणार, मान मागे टाकून नाकातल्या नाकात 'प्रर्ट' करणार आणि मध्येच हातभर उडी मारणार. आई म्हणायची, हा पक्षी शिंकतो आणि स्वतःच दचकतो. दोन दिवसांत नकाशा भरून देतो, असं मी छातीठोकपणे सांगितलं. (माझी छाती तुला माहीत आहे. ठोकायला सोपी, पण त्यानंतर दुखते.)

पद्धत अशी: नकाशावर चोपन्न ठिपके. प्रत्येक ठिपक्यावर जायचं, पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, कान द्यायचा, दुर्बीण फिरवायची. पक्षी दिसला तर हिरवा रंग, जमीन बरी पण पक्षी नाही तर पिवळा, काहीच उरलं नसेल तर तांबडा. पाच मिनिटं गप्प राहणं मला जमेल का, याबद्दल लुसिंदाने नोएमियाची आगाऊ माफी मागून ठेवली होती.

पहिल्या ठिपक्यावर मी डोळे मिटून तिला नेलं असतं. पोहोचलो, तर ठिपकाच सापडेना. जिथे माळ होता तिथे ऑलिव्हच्या रांगा. आपल्या लहानपणीची ऑलिव्हची झाडं नव्हेत ही, की ज्यांच्याखाली झोपता यावं. ही कमरेएवढी, कुंपणासारखी खेटून लावलेली, टोकापासून टोकापर्यंत. तांबडा. दुसरा ठिपका, बदाम. तांबडा. तिसऱ्यावर गाईंचं कुरण, गवत बोटाएवढंही नाही. चौथ्या ठिकाणी फाटकापाशी जुना कुत्रा बसला होता. मला निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण तो अजून नोकरीत होता. त्याने गणवेशाशिवायही मला ओळखलं. उजव्या पायाचा मोजा त्याच्याकडेच आहे.

असे एकोणीस ठिपके झाले. ताई, मी हळूहळू गप्प होत गेलो. (लुसिंदाला डॉक्टर बोलवावासा वाटला.) ज्या वाटांनी मी तीस वर्षं मोपेडवरून गेलो, त्या सगळ्यांवर ती पोरगी तांबडी पेन्सिल फिरवत होती आणि पेन्सिलीला टोक काढून काढून ती बोटाएवढी उरली होती. मनात आलं, हे पक्षी गेले तेव्हा मी कुठे होतो? इथेच होतो. रोज इथूनच जात होतो.

विसाव्या ठिपक्यावर मात्र मी ऐकलं. स्पष्ट, 'प्रर्ट!' थोड्या वेळाने पुन्हा, 'प्रर्ट!' मी नोएमियाचा दंड धरून ओरडलो, तिने तोंडावर बोट ठेवलं, पण कोण ऐकतंय? या वयात मी काटेरी तारेवरून चढलो (तपकिरी विजार गेली, दाजींनी दिलेली), ऑलिव्हच्या रांगांत सरपटत शिरलो आणि आवाजाच्या पुढ्यात जाऊन पडलो. ती पाण्याची नळी होती. ठिबकाच्या नळीला हवा सोडायचं एक बारीक तोंड असतं, ते शिंकत होतं. मी चिखलात पालथा पडून एका नळीकडे प्रेमाने बघत होतो. मागून नोएमिया आली आणि हसली नाही. "काका," ती म्हणाली, "मीपण गेल्या वर्षी दोनदा फसले." आणि तिने तांबडी पेन्सिल काढली. ती हसली असती तर बरं झालं असतं.

त्रेपन्न ठिपके संपले. हिरवा एकही नाही. शेवटचा ठिपका कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं आणि मी तो मुद्दाम मागे ठेवला होता. आईचं शेत, लागारिन्या. ताई, आपण भांडल्यापासून मी तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. विहीर कुणाच्या वाट्याला, यावरून आईच्या दिवसांच्या जेवणात आपण जे बोललो, ते त्या रस्त्याला लागलं की अजून ऐकू येतं.

फाटक ढकललं आणि पहिला धक्का: कोपऱ्यात मेंढ्या! शंभरेक तरी असतील, आणि मध्ये काठीवर हनुवटी टेकून शेजारचा फिर्मिनो, जणू शेत त्याच्या बापाचं. मी ओरडलो, "फिर्मिनो, हरामखोरा, अकरा वर्षं आमचं गवत चोरतोस?"

"चोरतोय कसला?" तो जागचा हलला नाही. "तुम्ही बहीणभाऊ कोर्टात. मग गवत खायचं कुणी? वकिलाने?"

"अरे पण विचारायचं तरी!"

"कुणाला विचारू? तुला विचारलं तर ती रागावणार, तिला विचारलं तर तू. मेंढ्या कुणावरच रागवत नाहीत."

मी काठी उगारणार, तेवढ्यात नोएमियाने माझी बाही ओढली. तिचा चेहरा पांढराफटक. तिने नुसती मान वळवून दाखवलं.

'प्रर्ट.'

या वेळी मी धावलो नाही. आपल्या शेताच्या मध्यावर, गुडघाभर गवतात आणि पिवळ्या फुलांत, गळ्यात पट्टा घालून एक सिझांव उभा होता. त्याच्या पलीकडे दुसरा. विहिरीच्या अंगाला तिसरा. चौथ्याने उडी मारली तेव्हा दिसला. नोएमिया खाली बसली आणि रडत रडत टिपणं काढू लागली. एवढी शिकलेली मुलगी नाक बाहीला पुसताना मी प्रथमच पाहिली. मी फिर्मिनोकडे पाहिलं. त्याला काहीच आश्चर्य वाटलं नव्हतं.

"दर वर्षी असतात," तो म्हणाला. "म्हणून आत्ता मेंढ्या कोपऱ्यातच. जूनअखेरच्या सां जुआंवच्या सणापर्यंत मध्ये सोडत नाही, गवतात माद्या बसलेल्या असतात. तुझ्या आईने सांगितलं होतं मला. तुम्हाला नाही सांगितलं?"

ताई, तुला सांगितलं होतं का गं? मला सांगितलं असेल तर मी ऐकलं नाही.

पुढचा अर्धा तास त्या पोरीने फिर्मिनोला जे प्रश्न विचारले, ते एखाद्या बिशपला विचारावेत अशा आदराने. मेंढ्या किती, कधी आणता, झुडपं वाढू देत नाही ती कशी? आणि तो गवतचोर टोपी मागे सारून उत्तरं देत होता! नांगरलं तर पक्षी गेला, नुसतं सोडून दिलं तर झुडपं माजून गेला. इथे कुणी नांगरलं नाही आणि मेंढ्यांनी झुडूप वाढू दिलं नाही. थोडक्यात, तुझा हट्ट, माझा हट्ट आणि त्याची चोरी, तिन्ही मिळून हे शेत राहिलं. शेवटी तिने हिरवी पेन्सिल काढली. ती नवी कोरी होती.

"शेत कुणाचं?" तिने विचारलं.

"कोर्टाचं," मी म्हटलं.

"मग त्यांना सांगा, इथे काहीही करू नका."

मी म्हटलं, बाई, काहीही न करण्यासाठी आमच्या घराण्याने अकरा वर्षं रक्त आटवलंय. पण माझं मलाच हसू आलं नाही. तिचा अहवाल वरच्या ऑफिसात जाऊन शेताला संरक्षण मिळायला दोन वर्षं लागतात. नांगराला एक सकाळ पुरते.

तेव्हा ताई, तुझ्या कार्डाला माझं उत्तर असं. आपण पुन्हा भावंडं होऊ, अगदी आजपासून. पण दावा मागे घेऊ नकोस. जोवर तो चालू आहे तोवर त्या जमिनीला कुणी हात लावू शकत नाही. कोर्टात मला हवं ते बोल. लोभी म्हण, खोटारडा म्हण. तुझ्या वकिलाला सुचत नसेल तर मी मुद्दे पाठवतो.

दाजींना नमस्कार, नातवंडांना पापे.

तुझा धाकटा,
इदालिनो

ता. क. लुसिंदा म्हणते की मे महिन्यात इथे येऊन जा. वरची खोली झाडून ठेवली आहे. चारही नर तोपर्यंत नाचतील, असं नोएमिया म्हणते.

ता. क. २. लुसिंदाने आत्ता हे पत्र वाचलं आणि म्हणाली, "खरी गोष्ट लिहिलीच नाहीत, आता मी पाकीट चिकटवू देणार नाही." म्हणून लिहितो. तुझं कार्ड आल्यावर मला इतका आनंद झाला, की फेब्रुवारीत मी एका ऑलिव्ह कंपनीच्या माणसाला लागारिन्या द्यायचं कबूल करून आलो. कागदावर सही केली. तुझीही संमती आहे आणि दावा आपण मागे घेतोय असं तुला न विचारता लिहून दिलं, खाली तुझं नावही घातलं. आपली भेट होईल तेव्हा आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. मशिनं दोन मेला येणार आहेत. सही परत मागायला गेलो, पण माझा शब्द आता तिथे कुणी मानत नाही. 'इदालिनो खोटं बोलला, माझी संमती नव्हती आणि नाही,' एवढं तू वकिलाकडून लिहून पाठवलंस तरच ती थांबतील. आयुष्यात एकदाच मी खोटारडा आहे असं तू जे म्हणशील ते शंभर टक्के खरं असेल. उशीर करू नकोस. पत्र रजिस्टर पोस्टाने पाठव.