वीटभट्टीमागचा हिरवा पट्टा

प्रिय चिमणे,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. शोध समितीच्या पोरांनी यंदा वरून काढलेले शेतांचे फोटोही त्याच दिवशी आले. तू लिहितेस की दादा, एकदा तू बघ. त्यात काही नाही म्हणालास तर मी शोध थांबवते, मास्तरांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज करते आणि लेकीकडे राहायला जाते. एकोणीस वर्षं नवऱ्याला शोधलंस आणि शेवटचा शब्द माझ्यावर सोडलास. पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी जेवलो. मी तसाच आहे, खोटं कशाला बोलू.

त्या सकाळबद्दल तू माझ्याशी कधी धड बोलली नाहीस. मला सगळं तुझ्या शेजारणीकडून कळलं. कडी काढायच्या आत सरकारच्या माणसांनी दार बिजागऱ्यांसकट पाडलं. मास्तर दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला साबण. बंदुकीच्या दस्त्याचा पहिला फटका कानावर बसला, दुसरा तोंडावर. तू मध्ये पडलीस तर तुला केसांना धरून पायऱ्यांवरून खाली ओढलं. तो निखळलेला खांदा तुला अजून थंडीत झोपू देत नाही. गावातली सतरा माणसं शाळेच्या अंगणात गुडघ्यांवर बसवली, लाथा घातल्या आणि ट्रकमध्ये भरली. मास्तर माझे मेहुणे नंतर झाले गं, आधी दोस्त. बुद्धिबळात हरायला लागले की माझा वजीर खिशात घालून खुशाल घरी जायचे.

माझं काम काय, हे तुला कधीच कळलं नाही. आमचा दादा विमानातून गवत मोजतो, असं तू लोकांना सांगायचीस. तर ऐक. शेतात पूर्वी कुणी खड्डा खणून बुजवला असेल तर तिथली माती भुसभुशीत राहते, ओल धरते. कोरड्या वर्षी आजूबाजूचा गहू पिवळा पडतो, पण तेवढा तुकडा हिरवा आणि उंच राहतो. खाली दगडी भिंत गाडलेली असेल तर उलट, तिथला गहू आधी वाळतो. बांधावर उभं राहून यातलं काही दिसत नाही. पीक पिकायच्या आधी दोन-तीन आठवडे वरून मात्र स्पष्ट दिसतं, आणि त्यावरून आम्ही हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्त्या कागदावर उतरवतो. नियम एकच, आणि तो मी नवशिक्यांच्या डोक्यात ठोकून बसवायचो: खूण दिसली की आधी त्याच शेताचा जुना फोटो काढून शेजारी ठेवायचा.

मास्तरांना नेलं त्याच्या पुढच्या वर्षी पावसाने दडी मारली आणि फोटोंत खुणा भराभर उमटल्या. तुमच्या गावच्या वीटभट्टीमागच्या शेतात एक मोठं वर्तुळ आहे, एका प्राचीन वस्तीभोवतीचा बुजलेला चर. ते आम्हाला आधीपासून माहीत होतं. त्या वर्षी वर्तुळाच्या आत एक हिरवा पट्टा दिसला. बारा पावलं लांब, चार रुंद, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. हाताने खणलेला खड्डा असा नसतो. मी तीन वर्षांपूर्वीचा फोटो काढला, तोही कोरड्याच वर्षाचा. त्यात वर्तुळ होतं, पट्टा नव्हता. म्हणजे खड्डा या तीन वर्षांतला होता. मी फोटो आमच्या वैमानिकाला दाखवला. तो माझ्यासारखा शेपूट घालणारा नव्हता. जेवणाच्या सुट्टीत तो सगळ्यांसमोर बोलला.

दुसऱ्या दिवशी त्याच सरकारी माणसांतले चौघे आले. त्यांनी त्याचा उजवा हात नकाशांच्या लोखंडी कपाटाच्या खणात घातला आणि खण लाथेने बंद केला. पाच वेळा. तिसऱ्या लाथेनंतर तो ओरडायचाही थांबला. मग त्याचं तोंड फोडलं. दोन दात माझ्या टेबलावरच्या ट्रेसिंगवर येऊन पडले. मला कुणी बोटही लावलं नाही, चिमणे. त्यांच्या साहेबाने तो फोटो माझ्यापुढे ठेवला आणि अगदी अदबीने विचारलं, की हे काय आहे. मी म्हणालो, धान्याचं पेव, हजार वर्षं तरी जुनं. लेखी द्या म्हणाला. दिलं. नकाशावर पट्टी लावून रेघा मारल्या, क्रमांक घातला, सही केली. जुना फोटो त्यांनी मागितलाच नव्हता. तो मी आपणहून शेगडीत घातला.

एवढ्यावर थांबलं असतं तर जिवाच्या भीतीने केलं म्हणून मी स्वतःला माफ केलं असतं. पण ते लोक गेले, राज्य बदललं, समिती आली. संशयित जागा ठरवताना समितीने माझेच नकाशे वापरले आणि जिथे प्राचीन अवशेष अशी नोंद होती त्या जागा गाळून टाकल्या. चार वेळा भलत्याच ठिकाणी खणलं. चौथ्या वेळी घोड्याचा सांगाडा निघाला, आणि तू त्या खोदणाऱ्याच्या अंगावर धावून गेलीस, नाकातून रक्त येईतो त्याला मुठींनी मारत सुटलीस. तुला मागे ओढलं ते मी. तो बिचारा हकनाक मार खात होता, आणि हे त्या सगळ्या माणसांत मला एकट्यालाच माहीत होतं. तेव्हा बोलायला माझी जीभ झडली होती का? नाही. तू दर रविवारी माझ्याकडे यायचीस, मला आता तुझ्याशिवाय कोण आहे रे दादा, म्हणायचीस. ते मला सोडवेना. मला स्वतःची किळस येते, पण खरं कारण एवढंच आहे.

यंदाच्या फोटोत पट्टा पुन्हा उमटलाय, होता तिथेच. काल मी समितीला लिहून दिलं की ते पेव नव्हे, यंत्राने खणलेला खड्डा आहे. जुना नकाशा खोटा, सही माझी. मग वैमानिकाच्या घरी गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं, डाव्या हाताने माझ्या कानफटात मारली आणि दार लावलं. सोमवारी सकाळी आठला खणायला सुरुवात होईल. मास्तर तिथे आहेत, चिमणे, आणि बाकीचे सोळाही. समितीचं पत्र तुला शनिवारी मिळेल, पण ते त्याच्या आधी मीच सांगायला हवं. दर वेळी खड्ड्याच्या काठावर तू माझा दंड घट्ट धरून उभी राहतेस. पहिलं फावडं पडलं की तुझी नखं रुततात आणि मी हलत नाही. सोमवारी कुणाचा दंड धरायचा हे तुला आधी ठरवता यावं, म्हणून हे पत्र लिहिलं. तू बोलावलंस तरच येईन.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
दादा