हायवे ५९९ चं टोक

६ जानेवारी, मंगळवार

पोचले. इग्नेस ते पिकल लेक — दोनशे ब्याण्णव किलोमीटर, चार तास दहा मिनिटं. बाहेर उणे एकतीस.

मध्ये फक्त सॅव्हंट लेकला पेट्रोल. तिथून पुढे फोनला रेंज नाही, घर नाही, माणूस नाही. नुसती झाडं आणि बर्फ. समोरून लाकडाचा ट्रक आला की पंधरा-वीस सेकंद काही म्हणजे काही दिसत नाही. मी स्टिअरिंग घट्ट धरते आणि मोठ्याने 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हणते. सप्टेंबरपासून दर मंगळवारी सोनोग्राफी करायला वर पिकल लेकला, बुधवारी खाली इग्नेसला, खोलीवर. सवय होईल म्हणाले होते. अजून तरी झाली नाही.

सोनोग्राफीचं मशीन मागच्या सीटवर, पट्ट्याने बांधून. मैत्रेयी लहान असताना तिची कारसीट बांधायचे, तसंच.

७ जानेवारी, बुधवार

परतले. वाटेत मूस, घोड्याहून उंच सांबर, आडवा आला. वाचले.

११ जानेवारी, रविवार

सकाळी घरून नवऱ्याचा, हर्षवर्धनचा, फोन. तिकडे वॉनमध्येही खूप बर्फ, दोनदा फावड्याने उपसला म्हणाला. मग मैत्रेयी. "आई, are there wolves?" मी म्हटलं, असतील, पण मला भेटले नाहीत. "Then why do you sound scared?" पोर नऊ वर्षांची. मी शाळेचं विचारलं.

वॉनचं क्लिनिक बंद झालं नसतं तर मी इथे आले नसते. मार्चअखेर कॉन्ट्रॅक्ट संपतं. कॅलेंडरवर आठवडे खोडतेय. अजून अकरा.

१३ जानेवारी, मंगळवार

रस्ता म्हणजे काच झालाय. एका वळणावर गाडी सरळ निघाली, मी वळत होते तरी. पोचल्यावर हेल्थ सेंटरच्या वॉशरूममध्ये जाऊन उलटी केली. डोरोथीने — इथली नर्स, बावीस वर्षं इथेच — खुर्ची पुढे सरकवली. चहा आणून ठेवला.

१४ जानेवारी, बुधवार

आज लिहिता येत नाही. इथेच थांबलेय. सगळे जिवंत आहेत, एवढंच.

१५ जानेवारी, गुरुवार

नीट, क्रमाने लिहिते.

काल बाराची पेशंट रोझलीन. बत्तीस आठवडे, तिसरं बाळ. नवरा एल्विन बाहेर ट्रकमध्ये बसलेला. पिकल लेकला हायवे संपतो, पुढे उत्तरेला खडीचा रस्ता. त्या रस्त्यावर त्यांचं गाव, तीन तास. पोटावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवला. बाळाची वार पार खाली — गर्भाशयाचं तोंड पूर्ण झाकलेलं. कधीही रक्तस्राव सुरू होऊ शकतो. आणि ही बाई तीन तास लांब जाणार, जिथे डॉक्टर नाही.

तिने विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

पेशंटला निदान सांगायचं नाही, हा आम्हा टेक्निशियनांचा नियम. ते डॉक्टरांचं काम. मी म्हटलं, "रिपोर्ट डॉक्टर देतील. तोवर थांबाल का?"

"किती वेळ?"

"एक-दोन तास."

"पोरं एकटी आहेत. काही असेल तर आत्ता सांगा, नाहीतर मी निघते."

मी डोरोथीला बोलवायला गेले. ती एका म्हाताऱ्याच्या छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लावत होती, "दोन मिनिटं" म्हणाली. परत आले तर खोली रिकामी. खिडकीतून ट्रक जाताना दिसला. मी धावले नाही. का धावले नाही? नियम, नियम, नियम.

फोटो थंडर बेच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवले होते. सव्वा दोनला डॉक्टरांचा फोन: "त्या बाईला कुठेही जाऊ देऊ नका."

डोरोथीने एल्विनला फोन लावला. लागेना — पुढे रेंजच नाही. पोलिसांची गाडी एका अपघाताकडे गेलेली. म्हाताऱ्याला सोडून डोरोथी हलू शकत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या गाडीला विंटर टायर आहेत."

"मी त्या रस्त्याने कधी गेले नाही."

"सरळ आहे. वळायला दुसरा रस्ताच नाही."

तिने दोन ब्लँकेटं, टॉवेल आणि थर्मास दिला. मी निघाले. विचार करत बसले असते तर निघालेच नसते.

खरं सांगायचं तर वाटेतलं फार आठवत नाही. खडीवर बर्फ, दोन्हीकडे कमरेएवढे ढीग. एका पुलावर गाडी तिरकी झाली, मीच आपोआप सरळ केली. मनात एकच — त्या खोलीत एक वाक्य बोलले असते तर?

अडुसष्ट किलोमीटरवर ट्रक दिसला. रस्त्याला आडवा, मागची चाकं ढिगात रुतलेली. एल्विन हातांनी बर्फ उपसत होता. हातमोजेही नाहीत.

"रक्त जातंय," तो म्हणाला. "परत वळत होतो."

रोझलीन पुढच्या सीटवर, पांढरीफटक. आम्ही दोघांनी तिला उचलून माझ्या गाडीत मागे आडवं केलं. तिचं डोकं एल्विनच्या मांडीवर. डाव्या कुशीवर ठेवा म्हटलं, पायांवर ब्लँकेट घातलं.

"तुम्हाला माहीत होतं," रोझलीन म्हणाली. विचारलं नाही. म्हणाली.

"हो."

एल्विन तिच्याशी त्यांच्या भाषेत हळू बोलत राहिला. मी चालवत राहिले. उजेड कमी होत होता. टॉवेल बदलायला दोनदा थांबले. रेंज आल्या आल्या डोरोथीला फोन केला. ती म्हणाली, अँब्युलन्सचं विमान निघालंय, सरळ धावपट्टीवर ये.

पावणेपाचला विमानात चढवलं. स्ट्रेचरवरून रोझलीनने माझी बाही धरली, सोडली. धन्यवाद की राग, कळलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

मुलगा. सिझेरियन. एक किलो आठशे. दोघंही ठीक!

डोरोथीने फोनवर सांगितलं आणि मी इग्नेसच्या ग्रोसरीत, दुधाच्या फ्रिजसमोर, रडले. एल्विनचा निरोपही होता: त्याच्या आईने माझ्यासाठी मासे धुरावर वाळवून ठेवलेत, मंगळवारी घेऊन जा.

१८ जानेवारी, रविवार

हर्षवर्धनने सगळं वॉनच्या आमच्या मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय. सत्तेचाळीस मेसेज. पद्माताई लिहितात, आपल्या अमृताचा अभिमान वाटतो. मंडळाचे अध्यक्ष रावसाहेबांनी ठरवून टाकलं — सव्वीस जानेवारीच्या कार्यक्रमात माझा सत्कार, व्हिडिओवरून. मी नको म्हटलं. हर्षवर्धन म्हणाला, "अगं, घे की. तू केलंयस ना?"

मैत्रेयीने शाळेत सांगितलं म्हणे. "My mom drove into the snow." मस्त वाटलं. खोटं कशाला बोलू?

२० जानेवारी, मंगळवार

थंडर बेच्या डॉक्टरांनी रोझलीनची विसाव्या आठवड्यातली तपासणी मागितली. इथल्या कॉम्प्युटरवर उघडली.

२२ ऑक्टोबर, बुधवार. तपासणी करणारी — अमृता.

मला तिचं नाव आठवलं नव्हतं, चेहराही नाही. तो दिवस मात्र आठवला. ती शेवटची पेशंट होती, बर्फाचा अंदाज होता, आणि मला काळोख पडायच्या आत इग्नेसला पोचायचं होतं. गर्भाशयाच्या खालच्या भागाचा, जिथे वार दिसली असती, एकही फोटो नाही. शेजारी मी टाइप केलंय: 'बाळाच्या स्थितीमुळे दिसू शकलं नाही.'

मी बघितलंच नव्हतं.

डोरोथी शेजारच्या खोलीत आहे. एवढं लिहून उठते, आणि तिला सांगते.