दुखत नाही म्हणून

ओतूर, १२ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. गोजर हिस, झुंबरअक्काचे अ. उ. आ.

दिवाळीत माहेरी तुला तेल लावताना डाव्या छातीशी माझा हात थांबला. तू ओवाळणीवरून भावाशी भांडत होतीस, तुला कळलंही नसेल. तिथं हरभऱ्याएवढी गाठ आहे, हलवली तर हलत नाही. सणात बोलले नाही, पण आता राहवत नाही. जुन्नरच्या डॉक्टरांना दाखव. लाजू नकोस.

लोभ आहेच.
तुझी अक्का

घाटघर, २५ नोव्हेंबर

ती. सौ. अक्कास, गोजरचा शि. सा. न.

गाठ मला ठाऊक होती. दुखत नाही, मग कसलं दुखणं? तरी सासूबाईंनी ती विरघळावी म्हणून बिब्बा घातला. आता फोड आलेत आणि लई आग होते. जुन्नरला गेले तर डॉक्टरांना हात लावता येईना. कातडी भरल्यावर या म्हणाले. त्यात भात झोडायचं राहिलंय. तू उगीच घाबरतेस.

माया असावी.
गोजर

ओतूर, २ डिसेंबर

चि. सौ. गोजर हिस, अ. उ. आ.

बिब्ब्याचं वाचून रडू आलं आणि रागही. न दुखणाऱ्या गाठीलाच भ्यावं, असं इथले डॉक्टर सांगतात. भात कोणीही झोडील. फोड भरले की मी न्यायला येते, सरळ मुंबईला जाऊ.

अक्का

घाटघर, २० फेब्रुवारी १९५७

ती. सौ. अक्कास, शि. सा. न.

मुंबईहून घरी येऊन आठवडा झाला. ऑपरेशननं डावी बाजू सपाट झाली, त्याचं वाईट वाटतं. हे मात्र मी चुलीपाशी बसलेली दिसले की खूश. काखेत काही पसरलं नव्हतं, लवकर आलीस म्हणून म्हातारी होशील, असं मुंबईचे डॉक्टर म्हणाले. पाच वर्षं सहा-सहा महिन्यांनी दाखवायचंय. अक्का, तुझ्या हातानं वाचले. पण तुझ्या बोटांना एवढं कळलं कसं?

गोजर

ओतूर, २८ फेब्रुवारी

चि. सौ. गोजर हिस, अ. उ. आ.

विचारलंस म्हणून लिहिते. मलाही तशीच गाठ आहे, उजवीकडं, दोन वर्षं झाली. आता लिंबाएवढी आहे. म्हणून तुझी ओळखली. तुझ्यासाठी लाज सोडली, स्वतःसाठी सोडवेना. इस्पितळाच्या त्या दारात तुझ्यासाठी पंधरा दिवस बसले, पण स्वतःसाठी आत गेले नाही. यांना ठाऊक नाही. तू सांगू नकोस.

अक्का

घाटघर, ४ मार्च

ती. सौ. अक्कास, शि. सा. न.

सांगितलं. दाजींना याच टपालानं वेगळं पत्र टाकलंय. गुरुवारी मी ओतूरला येते, लुगडी बांधून ठेव. तुझं माझ्याइतकं सोपं नसेल, हे मला कळतं. रागावशील, तेही कळतं. रागाव, पण गाडीत माझ्याशेजारी बसून रागाव.

तुझीच
गोजर