बारा चकत्यांची समान वाटणी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

मी, तुझा एकुलता एक थोरला भाऊ, वय वर्षे चौपन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर व हल्ली अवयव घडवणाऱ्या प्रयोगशाळेत भांडारपाल, हे पत्र केवळ खुशाली कळवण्यासाठी लिहीत आहे. अन्य हेतू नाही. तुझा गुडघा कसा आहे? (उजवा. डाव्याची चौकशी मागील पत्रात केली होती. उत्तर आले नाही.)

आमच्याकडे स्पंजासारख्या सच्छिद्र चकत्यांत जिवंत पेशी पेरतात. त्या छिद्रांत रुजल्या, तर पुढेमागे त्यांतून यकृताचा तुकडा व्हावा, अशी योजना आहे. मंगळवारी डॉक्टरीणबाईंचे मनगट प्लास्टरमध्ये आणि त्यांचे मदतनीस रजेवर. तेव्हा हात थरथरत नाही या एकाच गुणावर मला हातमोजे चढवण्यात आले. नळीतले पेशींचे सगळे थेंब पहिल्या चकतीवर सोडा, असे सांगून बाई फोन घ्यायला बाहेर गेल्या. ट्रेमध्ये चकत्या बारा होत्या. एकीला सर्व आणि अकराजणींना काहीच नाही, हे माझ्या मनाला पटेना. मी बाराही जणींना समसमान थेंब दिले, तेही असे पसरून, की पेशींना ऐसपैस राहता यावे. (कोणाची कोणाला अडचण नको.) काम इतके नेटके झाले, की मी स्वतःच दोनदा वाकून पाहिले.

शुक्रवारी बाराही चकत्यांवरच्या पेशी मेलेल्या निघाल्या. बाई रागावल्या नाहीत, हे अधिक वाईट. म्हणाल्या, "काका, विरळ टाकल्या की त्या तग धरत नाहीत. त्यांना शेजार लागतो." मी म्हटले, जागा अपुरी पडली असती. "जागा मागितली होती का त्यांनी?"

आईच्या पश्चात घराची वाटणी मीच केली, हे तुला आठवत असेल: मधोमध भिंत, दोन दारे, फूटपट्टीने अर्धे-अर्धे. तू विचारले होतेस, "दादा, भिंत कशाला?" आणि मी तुला नकाशा दाखवला होता. पुढे तू परगावी गेलास. तुझी बाजू सहा वर्षे कुलूपबंद आहे. माझ्या बाजूला शांतता उत्तम आहे. (परवा मला शिंक आली, तेव्हा मीच मला 'काळजी घ्या' म्हणालो.)

कळावे.

तुझा,
दादा
स्थळ: घराचा पूर्वेकडील अर्धा भाग
दिनांक: १४, रविवार

ता. क. १: वर 'अन्य हेतू नाही' असे लिहिले आहे, ते रद्द समजावे.

ता. क. २: भिंत पाडायला एक दिवस पुरेल, असे गवंडी म्हणतो. (बांधायला अकरा लागले होते.) तूर्त त्याला थांबवले आहे, निम्मी भिंत तुझी असल्याने तुझी संमती आवश्यक आहे. ती लेखी चालणार नाही. येऊन तोंडी द्यावी.