टास एकटाच घरी आला

ट्रॉनहेम, ९ फेब्रुवारी १९६८

ती. हालवार्डमामास,
सुन्नीवाचा सा. न.

नाताळनंतर एक ओळही लिहिली नाही म्हणून रागावला असशील, पण बातमी ऐकलीस की राग विसरशील. ऑगस्टपासून मला आपल्या फोल्डालच्याच शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली आहे. चार वर्षांनी पुन्हा घर, आईच्या हातची आंबट सायीची लापशी आणि खिडकीसमोर डोंगर!

आता खरं काम. मला कुत्रा हवा आहे. बाबांची बंदूक मी तेल लावून जपली आहे आणि येत्या सप्टेंबरात मी तितरांच्या मागे डोंगरावर जाणार आहे. जात कोणती घ्यावी आणि कुणाकडून, हे तुझ्याइतकं कोण सांगणार? बाबांचा म्हातारा कुत्रा मेल्यावर त्यांनी दुसरा आणला नाही आणि त्याच शरदात ते एकटे डोंगरावर गेले ते परत आलेच नाहीत. बरोबर कुत्रा असता तर तीन दिवस कुणाला पत्ता लागला नसता का, हा प्रश्न मला झोपू देत नाही. म्हणून एकटी जाणार नाही, कुत्र्याबरोबर जाईन.

आईला मी अजून सांगितलेलं नाही. तूच तिच्या कानावर घाल. तुझ्यावर ती कमी ओरडते.

मामीला नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
सुन्नीवा


रेंडालेन, २० फेब्रुवारी १९६८

चि. सुन्नीवास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मामीलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली की याला कुत्र्यांबद्दल विचारणं म्हणजे पाद्र्याला स्वर्गाबद्दल विचारणं, आता दहा पानं आलीच समज. तिला खोटं पाडायचं म्हणून थोडक्यात लिहितो.

इंग्लिश सेटर पांढरा, देखणा, वाऱ्यासारखा पळणारा. पण पळता पळता शेजारच्या खोऱ्यात जातो आणि आपण शिट्ट्या मारत बसतो. आखूड केसांचा जर्मन कुत्रा हुशार, पण आपल्याकडच्या थंडीत कुडकुडतो. आयरिश सुंदर आहे आणि ते त्याला माहीत आहे. तुझ्यासाठी गॉर्डन सेटर. काळा, तांबूस पायांचा, जरा जड. माणसापासून फार लांब जात नाही, पक्ष्याचा वास आला की पुतळ्यासारखा थिजतो आणि तू पोचेपर्यंत हलत नाही.

पण बाळ, जातीपेक्षा घर महत्त्वाचं. पिल्लाची आई बघितल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही. आई डोंगरावर काम करताना बघायची, बंदुकीचा बार झाल्यावर ती काय करते ते बघायचं, खुबे अधू नाहीत ना म्हणून त्यांची क्ष-किरण चित्रं मागायची. हे सगळं न मागता दाखवणारी एकच बाई मला माहीत आहे, आमच्या खोऱ्याच्या टोकाची ओडनी. तिची कुत्री एप्रिलमध्ये विणार आहे. तिला विचारतो. तुझ्या आईला, गुनवोरलाही लिहितो, देव माझं रक्षण करो.

लोभ वाढतच आहे, त्याला तुझा इलाज नाही.

हालवार्डमामा


फोल्डाल, ३ मार्च १९६८

ती. दादास,
गुनवोरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचून संपलं तसा कागद ओढला, अक्षर लावून घे.

दादा, तू तिला नाही म्हणायचं होतंस. तिचा बाप एलिव्ह तिसऱ्या दिवशी सापडला तेव्हा त्याने मोडलेल्या पायातला बूट काढून शेजारी नीट ठेवला होता, दाराशी ठेवतो तसा. लोकांनी मला सगळं सांगितलं, पण माझ्या डोक्यात तेवढा बूटच राहिला. तो काढला तेव्हा हा माणूस जिवंत होता. किती वेळ? एक दिवस? दोन? चार वर्षं मी हे कुणाला विचारलेलं नाही आणि आता माझी मुलगी त्याच डोंगरावर जाते म्हणते.

मी तिला अडवू शकत नाही, ती माझ्यापेक्षा हट्टी आहे. पण कुत्र्याशिवाय जाणार नाही असं तिनेच लिहिलं आहे ना? मग कुत्रा मिळू नये. ओडनीची सगळी पिल्लं आधीच ठरून गेली, असं तिला कळव. यंदाचं वर्ष टळू दे. पुढच्या वर्षी कदाचित ती लग्न करेल, काहीतरी होईल. तुझ्यापाशी मी कधी काही मागितलं नाही, एवढं कर.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

गुनवोर


रेंडालेन, ११ मार्च १९६८

चि. गुनवोरला आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं तिला कळवलं. ओडनीने होणाऱ्या पिल्लांतलं एक आपल्यासाठी राखून ठेवलं होतं, ते नको म्हणून सांगून आलो. तिने कारण विचारलं. मी पावसापाण्याचं बोलत राहिलो. तुझी वहिनी दोन दिवस माझ्याशी धड बोललेली नाही. पोरीला खोटं लिहिताना मला बरं वाटलं नाही, हे तुला ठाऊक असावं.

तुझा,
हालवार्ड


ट्रॉनहेम, ६ मे १९६८

ती. मामास सा. न.

तुला धक्का देते. कुत्रा मिळाला! ओडनीकडचा दरवाजा बंद झाला म्हणून मी वर्तमानपत्रातल्या जाहिराती बघत बसले होते. दीड वर्षाचा गॉर्डन, नाव टास, शिकवून तयार. हामारच्या पलीकडचा एक माणूस आगगाडीच्या स्टेशनवरच घेऊन आला. त्याची आई बघायची आहे म्हटलं, तर म्हणाला ती दुसऱ्या शेतावर आहे. बार करून दाखवा म्हटलं, तर स्टेशनवर बंदूक कशी चालवू म्हणून हसला. खरंच होतं ते. वंशावळीचे कागद मागाहून पाठवतो म्हणाला आहे.

टास फार गोड आहे रे. थोडा बुजरा आहे. दार आपटलं की पलंगाखाली जातो. पण इतका प्रेमळ, की मी वह्या तपासते तेव्हा माझ्या पावलांवर डोकं ठेवून झोपतो. आईला मीच कळवलं. तिचं उत्तर दोन ओळींचं आलं.

तुझ्या मायेतली,
सुन्नीवा


रेंडालेन, १४ मे १९६८

चि. गुनवोरला आशीर्वाद.

सुन्नीवाचं पत्र वाचलं. स्टेशनवर कुत्रा विकणारा माणूस, न दिसलेली आई, मागाहून येणारे कागद. आणि दार आपटलं की पलंगाखाली! बाराला घाबरणारा कुत्रा नुसता निरुपयोगी नसतो. तो पळतो, आणि मालक त्याच्यामागे पळतो.

आपण तिला खरं सांगू या. ओडनीचं शेवटचं पिल्लू अजून गेलेलं नाही. तू हो म्हण, मी आजच लिहितो. तुझ्या शब्दाशिवाय लिहिणार नाही, कारण तुला शब्द दिला आहे. उलट टपाली उत्तर दे.

काळजीत असलेला,
हालवार्ड


फोल्डाल, १६ सप्टेंबर १९६८

ती. दादास सा. न.

मे महिन्यातल्या तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. कुत्रा भित्रा आहे तर बरंच झालं, एका दिवसात कंटाळून ती परत येईल, असा विचार मी केला. हे आधी लिहून टाकते म्हणजे पुढचं लिहिता येईल.

शनिवारी सकाळी सातला ती निघाली. आकाश स्वच्छ होतं. दोनपर्यंत येते म्हणाली. नऊला धुकं उतरलं आणि मला गोठासुद्धा दिसेना. सव्वादहाला मी बटाट्यांची बादली घेऊन अंगणात होते, तेव्हा टास आला. एकटा. पट्टा तुटलेला, अंग चिखलाने भरलेलं. माझ्याकडे न बघता तो धान्यघराच्या फळ्यांखाली घुसला. मी त्याच्या मागे बघत राहिले. वाटलं, आत्ता धुक्यातून तिची हाक येईल. आली नाही.

शेजारच्या एम्ब्रेटकडे धावले. तो म्हणाला की तासाभरात माणसं जमवतो, धुक्यात एकट्याने वर जाऊ नये. मी म्हटलं, मागच्या वेळीही तुम्ही माणसंच जमवली होती. फार लागट बोलले, त्याची माफी अजून मागायची आहे. मी निघाले. चार वर्षांत कुंपणापलीकडे गेले नव्हते. वाट हरवू नये म्हणून ओढ्याचा आवाज कानाशी धरून चढत राहिले. हाका मारल्या. धुकं हाक गिळतं, दादा. आपलाच आवाज आपल्या तोंडाशी मरतो.

आणि मग बार ऐकला. वर, डावीकडे. शिकारीच्या दिवसांत मी खिडक्या लावून, कानावर हात ठेवून बसत आले. त्या दिवशी तोंड उघडं ठेवून उभी राहिले, म्हणजे श्वासाचाही आवाज नको. बऱ्याच वेळाने दुसरा. मग तिसरा. मी त्यांच्यामागे गेले.

दीड वाजता सापडली. पहिल्याच बाराला टास किंचाळून सुसाट पळाला, ही त्याच्यामागे धावली, आणि धुक्यात दगडांच्या उतरणीवरून घसरली. गुडघा उलटा वळलेला, पाय दोन दगडांत अडकलेला. थंडीने ओठ निळे. थांबून थांबून एकेक बार काढत होती, एकच काडतूस उरलं होतं. मला बघून तिने पहिलं काय विचारलं असेल? टास घरी पोचला का? मी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग तिला कवेत घेऊन बसले, आणि त्या शेवटच्या काडतुसाच्या आवाजावर एम्ब्रेट आणि बाकीचे आले.

इस्पितळात गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. दीड महिना तिथेच राहावं लागेल. पुढे नीट चालता येईल म्हणतात. सगळे मला धीट म्हणतात. मी तोंड लपवते. आज तिला खरं लिहिते आहे, तुझ्यावर काही येणार नाही असं बघेन.

गुनवोर


इस्पितळ, २१ सप्टेंबर १९६८

ती. आईस,

तुझं पत्र वाचलं. या आठवड्यात भेटायला येऊ नकोस.

सरळ नाही म्हणाली असतीस तर आपण भांडलो असतो. भांडण चार दिवसांत संपलं असतं. तू मामाकडून खोटं लिहवून घेतलंस आणि मी स्टेशनवर उभी राहून त्या माणसाला हसत हसत पैसे दिले. मी बाबा नाही, आई. तू मला बघतेस तेव्हा तुला ते दिसतात, हे मला कळतं, पण मी कंटाळले आहे.

एक सांगायचं आहे. एम्ब्रेटकाका टासला गोळी घालू म्हणत असतील. घालू देऊ नकोस. त्याने काय केलं? भ्याला, एवढंच.

सुन्नीवा


फोल्डाल, १३ ऑक्टोबर १९६८

चि. सुन्नीवास आशीर्वाद.

तू येऊ नकोस म्हणालीस म्हणून आले नाही, पण पत्राला तू मनाई केलेली नाहीस. टास स्वयंपाकघरात राहतो. एम्ब्रेटला मी दारातूनच परत पाठवला.

काल हालवार्डमामाबरोबर ओडनीकडे गेले होते. ती माझ्याच वयाची, फाटक्या स्वेटरमधली बाई आहे. तासभर कॉफी विचारली नाही. आधी आम्हाला टेकडीवर नेलं, कुत्री सोडली. कुत्री झुडपापाशी एक पाय उचलून थिजली, पक्षी उडाले, ओडनीने बार काढला. मी दचकले. कुत्री खाली बसली आणि ओडनीकडे बघत राहिली. मग कागद दाखवले. एका जोडीच्या पिल्लांचे खुबे वाईट निघाले म्हणून ती जोडी तिने कायमची बंद केली, हेसुद्धा आपणहून सांगितलं.

मग माझी परीक्षा. कुत्रा कुठे झोपणार, दिवसा घरी कोण असणार, मार्चमध्ये राखलेलं पिल्लू का सोडलंत. मामा खोकायला लागला. मी सगळं सांगितलं. बूट, तुला लिहवलेलं खोटं, धुकं. शेवटी तिने विचारलं की मग आता कुत्रा कशाला हवा? मी म्हटलं, मला नकोच आहे. मला भीती वाटते. पण माझी मुलगी जाणारच आहे, तर तिच्याबरोबर चांगलं जनावर असावं.

ओडनी उठली. चुलीवर कॉफी ठेवली आणि वहीत तुझं नाव लिहिलं. पिल्लं नोव्हेंबरात होतील. निवड तू करायचीस. तुला हवं असेल तर. नको असेल तर मी तिला तसं, खरं खरं, कळवीन.

तुझ्या उत्तराची वाट न बघण्याचा प्रयत्न करणारी,
आई


फोल्डाल, १० सप्टेंबर १९६९

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सुन्नीवा आज पहाटे वर गेली, सिल्याला घेऊन. ओडनीकडून आणलेली दहा महिन्यांची कुत्री, नुसते पाय आणि कान! ओडनी म्हणाली होती की पहिल्या वर्षी एकदोनच पक्षी मारायचे, बाकी तिला शिकू द्यायचं. सुन्नीवा उतरणीवर अजून जरा लंगडते. सकाळी मी डबा भरून दिला, चीज आणि सुकं मांस. तिने वाट कुठली ते नकाशावर मला दाखवलं, मी न विचारता. मीही तिला न विचारता सांगितलं की मला भीती वाटते. ती म्हणाली, माहीत आहे, आणि गेली.

भीती कमी झालेली नाही, दादा. लोक म्हणतात कमी होते, पण नाही. आकाश स्वच्छ आहे, पण गेल्या वर्षीही होतं. अकराला एक बार ऐकला. मग बारा वाजून दहा मिनिटांनी एक. खिडकी उघडी ठेवली आहे. आता साडेतीन होत आले. तिने तीनची वेळ दिली होती.

टपालाची बस चारला जाते, म्हणून पत्र आता बंद करते. ती अजून आलेली नाही. मी कुंपणापर्यंतसुद्धा गेले नाही. कॉफीचं पाणी दुसऱ्यांदा ठेवलं आहे.

तुम्हा दोघांचा लोभ मला आज जरा जास्त लागणार आहे.

तुझी,
गुनवोर